पटकथेतला कल्ट भीतीदायक का वाटत नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर देण्याआधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत याची खात्री होईल. तुमच्या पटकथेत नवरा, बायको, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई असे चौघांचे कुटुंब आहे. थोरला मुलगा अपघातात गेल्यावर हे कुटुंब जुने घर सोडून एका लहानशा वस्तीत राहायला येते. तिथले शेजारी एका गुप्त पंथाचे अनुयायी आहेत आणि त्यांना ही मुलगी हवी आहे. उत्तरार्धात मुखवटे, काळे झगे, मेणबत्त्या आणि बळीचा विधी आहे. पटकथा तिघांनी वाचली. दोघांना पूर्वार्ध कंटाळवाणा आणि उत्तरार्ध हास्यास्पद वाटला, आणि तिसऱ्याने ‘हे लोक घर सोडून सरळ निघून का जात नाहीत’ एवढेच विचारले. त्यावर तुमचे प्रश्न असे आहेत: विधी अधिक भयंकर कसा करावा, अलौकिक शक्ती खरी दाखवावी की नाही, पोलीस आणि मोबाइल यांना कथेबाहेर कसे ठेवावे, आणि शेवटी मुलगी वाचावी की नाही.

मी गेली बावीस वर्षे पटकथा लिहितो आहे आणि इतरांच्या पटकथांचे संपादन करतो आहे. त्यांत भयपट बरेच आहेत, आणि कल्टवरच्या दोन पटकथा मी स्वतः लिहिल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण विधीत नाही. तिसऱ्या वाचकाने विचारलेला प्रश्न हाच तुमच्या पटकथेचा खरा प्रश्न आहे, आणि बाकीच्या दोघांच्या तक्रारी त्याच मुळातून आलेल्या आहेत. तुम्ही जोडलेल्या पहिल्या वीस पानांत, चौथ्याच पानावर शेजारीण दारात येते तेव्हा कंसात ‘तिचे हसू गूढ आहे’ असे लिहिलेले आहे. सातव्या पानावर एक म्हातारा मुलीकडे टक लावून पाहतो. अकराव्या पानावर रात्री कुंपणापाशी कोणीतरी उभे असते. म्हणजे, पटकथेचे एक पान साधारण एक मिनिट धरले तर, पहिल्या दहाबारा मिनिटांतच प्रेक्षकाला कळून चुकते की हे लोक वाईट आहेत, आणि कुटुंबाला मात्र ते पुढची पन्नास मिनिटे कळत नाही. प्रेक्षक पात्रांच्या इतका पुढे गेला की त्याला पात्रांविषयी भीती वाटत नाही, त्यांचा राग येतो. पूर्वार्ध कंटाळवाणा वाटण्याचे कारण हेच आहे.

इथे शब्दांविषयी थोडे बोलतो, कारण शब्दांवर विचार अवलंबून असतो. मराठीत पंथ आणि संप्रदाय हे मुळात आदराचे शब्द आहेत. पंथ म्हणजे वाट, आणि संप्रदाय म्हणजे परंपरेने हाती दिलेले. म्हणून तुम्हाला अभिप्रेत असलेल्या बंदिस्त, एका माणसाच्या किंवा एका टोळक्याच्या मुठीत असलेल्या गटाला मी पुढे ‘कल्ट’च म्हणेन. पण मुळातला आदर विसरू नका. तुमच्या पात्रांना ते लोक कल्ट म्हणून भेटणार नाहीत. वाट दाखवणारी भली माणसे म्हणूनच भेटतील. आपण कल्टमध्ये जातो आहोत असे म्हणून कोणी कल्टमध्ये जात नाही.

आता मुख्य मुद्दा. कल्ट कुटुंबाकडून काय हिरावून घेतो हे तुम्ही नीट लिहिले आहे, पण कुटुंबाला तो काय देतो हे पटकथेत कुठेच नाही. माझ्या अनुभवात या प्रकारच्या भयपटाची सगळी भीती देण्यातून तयार होते, आणि घेण्याचा भाग म्हणजे त्या देण्याची वसुली असते. देणे जितके खरे, जितके गरजेचे आणि जितके वेळेवर आलेले, तितकी वसुली भयंकर होते.

प्रत्यक्षातले गट पाहा. 18 नोव्हेंबर 1978 रोजी दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात पीपल्स टेंपल या गटाचे नऊशेहून अधिक लोक मेले, त्यांत तीनशेहून अधिक मुले होती. आपल्याला आठवतो तो हा शेवटचा दिवस. पण त्याआधीची अनेक वर्षे हा गट अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या लोकांना एका छताखाली आणत होता, वृद्धांची सोय करत होता, व्यसनी तरुणांना आधार देत होता. लोक आले ते या कामाकडे पाहून, आणि यात त्यांचा मूर्खपणा नव्हता. दुसरे उदाहरण हेवन्स गेट या गटाचे. मार्च 1997 मध्ये कॅलिफोर्नियात या गटाच्या 39 जणांनी एकत्र जीव दिला. जाण्यापूर्वी त्यांनी निरोपाच्या चित्रफिती करून ठेवल्या होत्या. त्या चित्रफितींत माणसे हसतात, आनंदात दिसतात, एकमेकांकडे पाहून लाजतातही. मी जेव्हा जेव्हा कल्टवरची पटकथा हातात घेतो तेव्हा लेखकाला सांगतो की तुमच्या पात्रांचे हसू गूढ असू नये, ते मनापासूनचे असावे. त्या माणसांना खरोखर तुमचे भले करायचे आहे. आपण ज्याला सर्वनाश म्हणतो त्यालाच ती भले म्हणतात, आणि या फरकाचा प्रेक्षकाला हळूहळू उलगडा होणे म्हणजेच तुमचा पूर्वार्ध.

मग तुमच्या कुटुंबाला काय हवे आहे? हे ठरवायला तुमच्याकडे उत्तम सामग्री आहे आणि तुम्ही ती पार्श्वभूमी म्हणून वाया घालवली आहे. मुलगा गेला आहे. बाप गाडी चालवत होता, असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. त्या एका ओळीत संपूर्ण चित्रपट आहे. ‘तुझी चूक नव्हती’ असे बापाला कोणीतरी सांगायला हवे आहे. बायको ते सांगू शकत नाही, कारण तिला स्वतःलाच तशी खात्री नाही. मुलीच्या आईला रात्री झोप हवी आहे. आजीला कोणाच्या तरी उपयोगी पडायचे आहे. आणि मुलीला हवी आहे ती साधी गोष्ट: गेलेल्या भावाविषयी घरात कोणी बोलत नाही, तिला त्याच्याविषयी बोलायचे आहे. शेजारीण जर पहिल्या भेटीत मुलीला ‘तुझा दादा कसा होता गं?’ असे विचारत असेल आणि मुलगी अर्धा तास न थांबता बोलत असेल, तर कल्ट त्या घरात शिरला. कुंपणापाशी कोणाला उभे करण्याची गरज उरली नाही. प्रेक्षकालाही त्या क्षणी शेजारीण आवडली पाहिजे. ती न आवडल्यास पुढचे काहीही चालणार नाही.

चौघांपैकी कोणाला आधी ओढायचे आणि कोणाला शेवटपर्यंत बाहेर ठेवायचे, हे मात्र तुमच्या कथेवर अवलंबून आहे. मी आईला बाहेर ठेवीन, कारण ती निर्दोष नाही. तिने नवऱ्याला मनातून माफ केलेले नाही, आणि म्हणून जेव्हा ती धोका ओळखते तेव्हा घरच्यांना ती धोका सांगते आहे की जुना राग काढते आहे हे कळत नाही. तुम्हाला बाप बाहेर ठेवायचा असेल तर तोही मार्ग आहे, पण मग त्याची अपराधी भावना तुम्हाला वेगळ्या तऱ्हेने वापरावी लागेल.

आईला एकटे पाडण्याची रीत महत्त्वाची आहे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात केलेले प्रयोग इथे फार उपयोगी पडतात. रेषांच्या लांबीची तुलना करण्याचे अगदी सोपे काम होते. गटातले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत; खऱ्या सहभागी व्यक्तींपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे नाकारून गटाचे उत्तर दिले. पण गटात बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला तरी हे प्रमाण एकदम खाली येई. पटकथेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आईला एक सोबती द्या, आणि तो सोबती पन्नासाव्या-साठाव्या पानापर्यंत टिकवा. तो सोबती मी आजीला करीन. सासू-सुनेचे फारसे पटत नाही असे सुरुवातीला दाखवा, मग दोघींना एकाच वेळी शंका येऊ द्या, आणि त्या शंकेतून दोघी पहिल्यांदा जवळ येऊ द्या. त्यानंतर आजीला मारू नका. एक दिवस आजी पलीकडून परत येते, शांत असते, आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणते, ‘आपलंच चुकलं गं.’ मी तुम्हाला खात्रीने सांगतो, बळीच्या विधीपेक्षा या वाक्याने प्रेक्षक जास्त हादरेल.

ओढण्याची गतीही ठरवावी लागते. फ्रीडमन आणि फ्रेझर या संशोधकांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी लेखकांना नेहमी सांगतो. कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना, अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा मोठा आणि कुरूप फलक लावू द्याल का, असे विचारले गेले. थेट विचारल्यावर सुमारे 17 टक्के लोकांनी होकार दिला. ज्यांनी काही दिवसांपूर्वी त्याच विषयाचा तीन इंची छोटा फलक खिडकीत लावायचे मान्य केले होते, त्यांच्यातल्या 76 टक्के लोकांनी तो मोठा फलकही मान्य केला. तुमच्या कल्टनेही आधी तीन इंची फलकच मागायला हवा. संध्याकाळी दार उघडे ठेवा. आठवड्यातून एकदा सगळे मिळून अर्धा तास गप्प बसा. मुलाचे कपडे अजून कपाटात ठेवले असतील तर ते आमच्याकडे ठेवायला द्या, तुम्हाला त्रास होतो. प्रत्येक मागणी समजूतदार, आणि प्रत्येक होकारानंतर आधीच्या होकारापेक्षा मागे फिरणे किंचित अवघड. लिहिताना मी एका कागदावर अशा दहा मागण्या क्रमाने मांडतो आणि पाहतो की नवव्या मागणीला होकार देणारा माणूस मला आठव्या मागणीमुळे पटतो का. जिथे पटत नाही तिथे मध्ये एक पायरी राहिलेली असते.

आता एक प्रसंग जवळून पाहू. तुमच्या पटकथेत विसाव्या पानावर मुलगी कोळशाने भिंतीवर कल्टचे चिन्ह काढते आणि आई किंचाळते. हे चिन्ह प्रेक्षकाने याआधी अनेक चित्रपटांत पाहिलेले असते, त्यामुळे तो घाबरत नाही, फक्त ओळखतो. त्या जागी मी असे लिहीन. सकाळची वेळ आहे, शाळेची घाई आहे. मुलगी दारातल्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधते आहे. आई दप्तर भरता भरता सहज तिच्याकडे पाहते. मुलगी नेहमीसारखे दोन फास करत नाही; ती नाडी घोट्याभोवती एकदा गुंडाळते, आतल्या बाजूला एकच गाठ मारते आणि उरलेली टोके बुटाच्या आत खोचते. हे सगळे भरभर, न बघता. आई विचारते, ‘हे कुणी शिकवलं गं तुला?’ मुलगी म्हणते, ‘अशी सुटत नाही.’ आणि धावत निघून जाते. आई तिच्या मागे फाटकापर्यंत जाते. कुंपणापलीकडे शेजारीण वाकून रोपांना पाणी घालते आहे; तिच्या बुटांच्या नाड्या घोट्याभोवती गुंडाळलेल्या, टोके आत खोचलेली. रस्त्यापलीकडचा म्हातारा हात हलवतो, त्याच्याही तशाच. आई हसून हात हलवते. तेवढ्यात मागून नवरा कामावर जाण्यासाठी बाहेर येतो आणि पायरी उतरतो. आईची नजर खाली त्याच्या पायांकडे वळते. कॅमेरा वळत नाही. प्रसंग तिथेच कापायचा.

या प्रसंगात कोणीही वाईट वागलेले नाही, अंधार नाही, पार्श्वसंगीतही नको. भीती दोन जागी आहे. एक म्हणजे ‘भरभर, न बघता’ या शब्दांत: मुलीला ही गाठ आज शिकवलेली नाही, ती कित्येक दिवस मारते आहे, आणि आईला हे आज दिसले. दुसरी म्हणजे नवऱ्याच्या बुटांत, जे आपण पाहिलेच नाहीत. शिवाय आईला याविषयी कोणाकडेही तक्रार करता येणार नाही. ‘ते माझ्या मुलीला नाड्या बांधायला शिकवतात’ हे वाक्य ती पोलीस चौकीत कशी बोलणार?

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मोबाइलला रेंज नाही, वादळाने रस्ता बंद आहे, हे उपाय कृपया काढून टाका. मोबाइल चालू असू द्या, पोलीस येऊ द्या, आणि त्यांच्या येण्याने काहीही बदलू नये. सज्ञान माणसांनी एकत्र बसणे हा गुन्हा नाही. नवरा स्वखुशीने जातो, आजी स्वखुशीने जाते, मुलगी आनंदात आहे; रात्ररात्र झोप नसलेली, मुलगा गमावलेली आई तेवढी ओरडते आहे. ‘रोझमेरीज बेबी’ (1968) या चित्रपटात नवरा आणि शेजारी आपल्या बाळासाठी कट करत आहेत असा संशय आलेली गरोदर नायिका अखेर एका चांगल्या, प्रामाणिक डॉक्टरपर्यंत पोचते, सगळे सांगते, आणि तो तिला भ्रम झाला आहे असे समजून, तिच्याच काळजीपोटी, नवऱ्याला बोलावून घेतो. तो डॉक्टर कटात सामील नसतो म्हणूनच तो प्रसंग इतका भयंकर आहे. तुमचा पोलीस अधिकारी मात्र कल्टचा छुपा सदस्य निघतो. त्याला सज्जन करा.

व्यवस्था खरोखर कशी तोकडी पडते याचे एक उदाहरण देतो, आणि ते गंभीरपणे घ्यावे अशी विनंती आहे, कारण ती माणसे खरी होती. नोव्हेंबर 1989 मध्ये जपानमधला एक वकील, त्याची पत्नी आणि त्यांचा एक वर्षाचा मुलगा राहत्या घरातून नाहीसे झाले. ऑम शिनरिक्यो या गटात गेलेल्या तरुणांच्या कुटुंबीयांच्या बाजूने तो वकील लढत होता. घरात त्या गटाचा बिल्ला सापडला होता, तरीही प्रकरणाचा उलगडा झाला नाही. याच गटाने 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला, आणि त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात त्या तिघांचे मृतदेह मिळाले. सुमारे सहा वर्षे. बिल्ला समोर असताना. पोलीस कथेत असूनही भीती कमी होत नाही याचा याहून मोठा पुरावा लेखकाला मिळणार नाही.

अलौकिक शक्ती खरी असावी की नाही, याचे एकच उत्तर नाही. ते तुमच्या शेवटावर, निर्मात्याच्या अपेक्षांवर आणि तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते यावर अवलंबून आहे. ‘द विकर मॅन’ (1973) मध्ये अलौकिक काहीच घडत नाही. माणसांच्या श्रद्धेनेच सगळे होते, आणि शेवट भर दिवसा, गाण्याच्या सुरांत होतो. ‘रोझमेरीज बेबी’त अलौकिक खरे निघते, पण ज्याच्यासाठी सगळा खटाटोप झाला ते बाळ आपल्याला धडपणे दाखवलेच जात नाही. दोन्ही मार्ग चालतात. चालत नाही ते लेखकाने न ठरवणे. तुमच्या पटकथेत एका पानावर कल्टकडे खरी शक्ती आहे आणि दुसऱ्या पानावर तेच लोक कुलूप तोडून घरात शिरतात. मी सुरुवातीलाच दोन पानांचे एक टिपण लिहितो, जे प्रेक्षकाला कधीच दिसणार नाही: खरोखर काय आहे, या लोकांना काय आहे असे वाटते, आणि या दोहोंत फरक किती. त्या टिपणानंतर अर्ध्या शंका आपोआप मिटतात. तुमच्या कथेपुरते विचाराल तर मी अलौकिक काढून टाकीन. गेलेला मुलगा खरोखर परत येऊ शकत असेल तर बापाचा निर्णय समजण्याजोगा होतो. तो येऊच शकत नसेल आणि तरी बाप मुलीला घेऊन तिकडे जात असेल, तर ते पाहवणार नाही.

त्याच टिपणात कल्टची शिकवण लिहावी, पण पटकथेत तिच्या तीन ओळींहून जास्त येऊ देऊ नये. तुमच्या बासष्टाव्या पानावर गुरू अडीच पाने तत्त्वज्ञान सांगतो असे तुम्ही कळवले आहे. प्रेक्षकाला एवढेच कळायला हवे: हे लोक कशाचे वचन देतात, कशाला मनाई करतात, आणि कोणत्या दिवसाची वाट पाहतात. यांतली तारीख सर्वांत मौल्यवान आहे, आणि तिच्याविषयी मला तुम्हाला एक सूचना करायची आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या गटाचा आत शिरून अभ्यास केला. त्यावरचे पुस्तक 1956 मध्ये आले. 21 डिसेंबर 1954 ला महापूर येणार आणि त्याआधी मध्यरात्री एक अवकाशयान आपल्याला घेऊन जाणार, असा त्या गटाचा विश्वास होता. मध्यरात्र झाली, कोणी आले नाही. काही तास ती माणसे सुन्न बसून राहिली. पहाटे पाचच्या सुमारास गटाच्या म्होरक्या बाईंना ‘संदेश’ आला की या छोट्या गटाने रात्रभर एवढा प्रकाश पसरवला की देवाने जग वाचवले. त्यानंतर ती माणसे पांगली नाहीत; आजवर प्रसिद्धी टाळणारा तो गट आता स्वतःहून वर्तमानपत्रांना फोन करू लागला. तुमच्या पटकथेच्या बरोबर मध्यावर अशी रात्र ठेवा. मुलगा परत येणार म्हणून ठरलेली रात्र येते, सगळे जमतात, पहाट होते, कोणी येत नाही. आईला वाटते, सुटलो. प्रेक्षकालाही वाटते. आणि तेव्हा बाप शांतपणे म्हणतो की तो आला नाही, कारण आपण अजून सगळे दिलेले नाही. तिथून उत्तरार्ध सुरू होईल आणि त्याला मुखवट्यांचा टेकू लागणार नाही.

गुरूला शक्य तितके कमी दाखवा. पीपल्स टेंपलच्या गयानातल्या वस्तीत म्होरक्याचा आवाज ध्वनिक्षेपकांवरून दिवसरात्र ऐकू येत असे; माणसाहून आवाज जास्त ठिकाणी पोचतो आणि कमी थकतो. त्याच वस्तीत शेवटच्या दिवसाच्या आधी तालमी झाल्या होत्या: लोकांना पेय दिले गेले, त्यात विष आहे असे सांगितले गेले, आणि प्यायल्यावर कळले की ही फक्त निष्ठेची परीक्षा होती. विधी भयंकर कसा करावा या तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर या तालमीत आहे. विधीची तालीम दाखवा. स्वच्छ उजेड, रोजचे कपडे, कोणाच्या तरी हातात वही, ‘इथे तू दोन पावले मागे उभी राहा’ अशा सूचना, मुलीचे चुकणे आणि सगळ्यांचे प्रेमाने हसणे. एकदा ही तालीम पाहिली की प्रत्यक्ष विधी सुरू होताच प्रत्येक पायरी प्रेक्षकाला आधीच माहीत असते, आणि पुढच्या पायरीची त्याला वाट पाहावी लागते. झगे आणि मुखवटे मग अडचणच करतात, कारण ते माणसांचे चेहरे झाकतात. भीती तर त्या ओळखीच्या चेहऱ्यांचीच आहे. प्रकाशयोजना आणि ध्वनी यांविषयी एवढेच सांगतो की अंधार राखून वापरा, आणि शांतता संकलनावर सोडू नका, पटकथेतच लिहा.

एका बाबतीत मी आग्रही आहे. कल्ट रचताना कोणत्याही अस्तित्वात असलेल्या श्रद्धेची चिन्हे, वेश, मंत्र उचलू नका, आणि विशेषतः ज्या समाजांकडे आधीच संशयाने पाहिले जाते त्यांची तर मुळीच नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत मुलांवर गुप्तपणे सैतानी विधी होतात अशी भीती पसरली. त्यातून मॅकमार्टिन बालवाडीचा खटला उभा राहिला. तो 1990 पर्यंत वर्षानुवर्षे चालला आणि एकालाही दोषी ठरवता आले नाही, पण आरोपींची आयुष्ये तोवर उद्ध्वस्त झाली होती. आपण भीती तयार करणारे लोक आहोत, आणि ती भीती चित्रपटगृहाबाहेर कोणाच्या दारात जाऊन उभी राहील याचा विचार लिहितानाच करावा लागतो. तुमचे चिन्ह, तुमच्या सवयी, तुमचे शब्द पूर्णपणे नवे घडवा. ते अवघड नाही. बुटाच्या नाडीची एक गाठसुद्धा पुरते.

राहिला शेवट. मुलगी वाचावी असे मला वाटते, पण तिचे वाचणे तुमच्या आत्ताच्या पटकथेसारखे आग लागून, धावपळ होऊन, गाडी सुरू होऊन संपू नये. अशा गटातून बाहेर पडलेल्या मुलांना बाहेरचे जगच धोक्याचे वाटू शकते, कारण त्यांच्या लेखी प्रेम करणारी माणसे मागे राहिलेली असतात. आईने मुलीला ओढून गाडीत बसवले तर मुलीने ‘आई, वाचव’ म्हणू नये. तिने मागच्या काचेतून शेजारणीकडे पाहत रडावे आणि मला परत जायचे आहे म्हणावे. आईने ते ऐकावे आणि गाडी चालवत राहावी. दादाविषयी बोलायला आता तिला कोण आहे, हा प्रश्न त्या गाडीत आईनेच सोडवायचा आहे. म्हणून कितीही अवघड गेले तरी तिने पहिले वाक्य त्याच्याविषयी बोलावे. ते वाक्य कोणते असेल हे मी सुचवणार नाही, कारण तो मुलगा कसा होता हे फक्त तुम्हाला माहीत आहे. पुढचा खर्डा सुरू करण्याआधी ते वाक्य लिहून काढा, आणि मग चौथ्या पानावरच्या शेजारणीकडे परत जा.